कानोसा

श्रीरंग तांबवेकर बोलायला लागला की मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला बसलेला माणूससुद्धा मान वर करायचा. मिरजेच्या आसपास कुठल्याही जत्रेत कुस्त्या असल्या की निवेदनाला तोच. नोकरी बाजार समितीत होती, पण गावोगावी ओळख होती ती आवाजाची. अर्धांगाचा झटका आला तेव्हाही त्याच्या हातात माइकच होता. उजवी बाजू गेली, पाठीतलं बळ गेलं, घोट गिळताना ठसका लागायला लागला. आवाज तेवढा वाचला. थोडा जड झाला, शब्दांच्या कडा झिजल्या, पण आवाज त्याचाच होता.

आणि त्याच्या बायकोचं, ऋजुताचं, सगळं जगणं त्या आवाजाला बांधलं गेलं.

ती शाळेत संगीत शिकवायची. मुलांच्या गाण्यांना स्वतः चाली लावायची. झटक्यानंतर शाळा सुटली आणि पेटीवर जुनी चादर पडली ती पडलीच. आता भांडी घासताना, फोनवर बोलताना, अंगावर पाणी घेताना तिचा एक कान श्रीरंगच्या खोलीत असायचा. ठसका लागला का? कॉट करकरली का? हाक मारली का? ती नळ बंद करायची आणि श्वास रोखून उभी राहायची. बहुतेक वेळा काहीच नसायचं. मग त्या काहीच नसण्याचीही भीती वाटायची आणि ओल्या हातांनी ती खोलीकडे धावायची.

"अगं, जिवंत आहे मी," श्रीरंग म्हणायचा. "काय सारखी बघायला येतेस, जत्रेतल्या सिंहासारखं?"

ती हसायची. पण छातीतली धडधड थांबायला पुष्कळ वेळ लागायचा.

श्रीरंगच्या तपासणीला दोघं गेलेली असताना डॉ. नसीम मुजावरांनी त्याचा रक्तदाब बघितला आणि मग न विचारताच ऋजुताच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा बघून त्यांनी तो पुन्हा एकदा मोजला.

"शेवटचं गाणं कधी म्हटलंत?" त्यांनी विचारलं.

ऋजुताला आठवेना. एवढ्याशा प्रश्नाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉ. मुजावर मेंदूच्या डॉक्टर. बोलणं मास्तरणीसारखं, शांत. "हे बघा," त्या म्हणाल्या, "बाळंतिणीच्या उशाशी वीज कडाडली तरी ती झोपून राहते. पण बाळ नुसतं कुरकुरलं की उठून बसते. का? मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा भाग असतो. कानांवर, डोळ्यांवर जे येतं ते आधी या दारातून जातं. काय आत सोडायचं आणि काय दाराबाहेरच ठेवायचं, ते तिथे ठरतं. पंखा दिवसभर फिरतो, पण तो तुम्हाला ऐकू येत नाही, कारण मेंदूने ठरवलेलं असतं की यात काही अर्थ नाही. वर्षानुवर्षं आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांचं हे दार त्या एका माणसासाठी सताड उघडं राहतं. मिटतच नाही. तुम्ही झोपता, पण दार जागं असतं."

त्यांनी कपाटातून एक पट्टा काढला. मुली केसांना लावतात तसा, पण जाडसर. याला त्या 'निवांत' म्हणत. श्रीरंगचा आवाज, खोकणं, हालचाल या सगळ्याला ऋजुताचा मेंदू कसा दचकतो हे पट्टा आधी शिकून घेणार. मग कानांना न कळणाऱ्या ध्वनिलहरी सोडून रोज एक तास तेवढंच दार लोटून घेणार. बाकी जग नेहमीसारखं ऐकू येईल. त्या तासात श्रीरंगवर लक्ष ठेवायला त्याच्या गादीखाली एक पातळ चादर असेल. श्वास अडला, तोल गेला, त्याने हाक मारली, तर ती चादर ऋजुताच्या फोनवर इशारा देईल.

"पण त्या तासात नुसतं लोळायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काहीतरी नवं घडवायचं. तुम्ही चाली लावा. माणूस नवं घडवत असतो तेव्हा मेंदू भिजवलेल्या कणकेसारखा असतो. विश्रांतीची सवय पटकन धरतो."

"आणि तेवढ्यात याला काही झालं तर?"

"चादर आहे की."

"जा, बस पेटीवर," श्रीरंग खुर्चीतून म्हणाला. "मी काय पळून जातोय?"

पहिल्या दिवशी ती पेटीसमोर बसली आणि भात्यावर हात ठेवून तशीच राहिली. घरात एक शांतता उतरली होती. रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या, समोर फळांचा गाडा लावणाऱ्या बागवानचाचांचं गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं, पण कानाच्या आत सतत ताणलेली जी एक तार होती ती सैल पडली होती. खांदे आपोआप खाली आले. तिने सूर धरला. तास संपला तेव्हा तिच्या हातात एका गाण्याचा अर्धा मुखडा होता आणि पोटात कडकडून भूक होती.

दिवस पालटले. ती दुपारी पेटीवर बसायची आणि संध्याकाळी पोळ्या लाटताना तीच चाल गुणगुणायची. तिचा कान तर असा तयार झाला की पेटीतला एक सूर किंचित उतरलाय हे शेजारच्या खोलीतूनही कळावं. सांगलीतल्या बायकांच्या एका गायनमंडळाने तिच्या चाली मागून घेतल्या. रक्तदाब उतरला. घरसुद्धा शांत झालं. श्रीरंग हल्ली फार हाका मारत नाही, बरा होत चाललाय, असं तिला वाटलं.

श्रीरंगची थोरली बहीण शैलाताई जयसिंगपूरला राहायची. एका दुपारी ती न कळवता आली. ऋजुता स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. ओट्यावर तिचा फोन मध्येच थरथरत होता. डोक्याला पट्टा नव्हता.

शैलाताई चपला न काढताच आत आली. "ऋजू! अगं, काय दगडाची आहेस का?"

"काय झालं ताई?"

"तो कधीचा हाका मारतोय!"

"कोण?" ऋजुता म्हणाली.

हा शब्द तोंडातून गेला आणि त्याचा अर्थ तिचा तिलाच मागाहून कळला. तिच्या हातातली जुडी खाली पडली.

खोलीत श्रीरंग उशीवरून घसरून कॉटच्या कडेला आला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ हलत होते. नुसतेच हलत होते. टीव्हीचा आवाज बंद करावा तसे.

तिने त्याला आधी सावरून नीट झोपवलं. मग त्याच्या तोंडासमोर वाकली. "बोल. परत बोल."

ओठ हलले. तिच्या गालाला त्याचा श्वास लागला. पंख्याची घरघर ऐकू येत होती, शैलाताईच्या बांगड्या ऐकू येत होत्या, दूर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली तीही ऐकू आली. श्रीरंगचा आवाज जिथे असायला हवा तिथे काही म्हणता काही नव्हतं.

"मोठ्याने बोल!"

"अगं, ओरडतोय तो," शैलाताई म्हणाली.

ऋजुताने कॉटची दांडी घट्ट धरली. "ताई, तो काय म्हणतोय ते मला सांगा. जसंच्या तसं."

शैलाताईने भावाकडे बघितलं. तो बोलला. तिने ऐकलं आणि पदर तोंडाला लावला.

"सांगा ना!"

"म्हणतोय, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

श्रीरंग सावकाश, डोळे छताला लावून बोलत राहिला आणि शैलाताई थांबून थांबून सांगत राहिली. "आधी वाटलं, तू माझ्यावर रागावलीस. मग लक्षात आलं की तुला ऐकूच येत नाही. पट्टा नसतानाही येत नाही. पण तू पोळ्या करताना गुणगुणत होतीस... इतक्या दिवसांनी घरात तुझा आवाज आला. म्हटलं, कशाला सांगायचं? चादरीचा इशारा गेला की यायचीस तू. थोड्या उशिराने यायचीस. मग मीच हाका कमी केल्या."

ऋजुताने त्याला कुशीवर वळवलं आणि सदरा वर केला. कंबरेच्या खाली कातडी लाल होऊन सोलवटली होती. रोज अंग पुसताना ही जागा तिच्या डोळ्यांखालून गेली असणार. तिला ती दिसली कशी नाही?

हा प्रश्न तिने डॉ. मुजावरांना विचारला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"पट्टा दार लोटून घेतो, कायमचं मिटत नाही," त्या म्हणाल्या. "निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. पण नवं घडवताना मेंदू जे शिकतो ते पक्कं शिकतो. तुमच्या मेंदूने विश्रांतीबरोबर दार मिटणंही शिकून घेतलं. यजमानांचा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं ठरवून टाकलं."

"आवाजाचं ठीक आहे. जखम तर डोळ्यांनी दिसते!"

"मेंदू आवाज बंद करत नसतो, अर्थ बंद करतो. त्यांच्याकडून जे जे येईल ते हळूहळू त्यात ओढलं जाईल असं दिसतंय. आवाज, मग इशारा, मग..."

"मग तो?"

डॉक्टरांनी होकाराची मान हलवली.

उपाय होता. तोच पट्टा उलट चालवून दार उघडता आलं असतं. पण ते उघडलं की परत कधी लोटता येणार नव्हतं. पुन्हा तोच कानोसा, कदाचित पूर्वीपेक्षा तीव्र, आणि त्यावर कुठलाही पट्टा नाही. पट्टा काढून ठेवून वाट बघणं हा दुसरा रस्ता होता. कदाचित दार आपसूक उघडलं असतं.

ऋजुताने वाट बघायचं ठरवलं. शैलाताईला तिने कारण सांगितलं की घाई नको. खरं कारण तिला सांगवत नव्हतं. नळ बंद करून श्वास रोखून उभी राहणारी ती बाई तिला आठवायची आणि अंगावर काटा यायचा. त्या बाईत परत जायचं? तिने पट्टा कपाटात ठेवला, फोनवर गजर लावले, गजर झाला की खोलीत जाऊन श्रीरंगला वळवायचं, पाणी पाजायचं, जखम पुसायची. काही दिवस हे चाललं. मग एकदा तिने जेवायला वाढलं आणि मुक्कामाला राहिलेल्या शैलाताईने विचारलं, "श्रीरंगचं ताट?" ओट्यावर दोनच ताटं होती. ऋजुताने हसून तिसरं घेतलं.

सांगलीच्या मंडळाची तालीम होती त्या दिवशी शैलाताई जयसिंगपूरला परतली होती. ती दुपारी येऊन भावाजवळ बसेल असं ठरवायचं होतं. ऋजुताने तिला फोन केलाच नाही. साडी नेसली, चालींची वही पिशवीत टाकली, दाराला कुलूप लावलं. घरात कोणी नसलं की कुलूप लावतात, तसं.

तालीम छान झाली. बायका तिची चाल गात होत्या, खिडकीतून ऊन येत होतं. फोन दोनतीनदा थरथरला. तिने काढून बघितलाही. पडद्यावर लाल अक्षरं होती. डास हाकलावा तसा तो तिने परत पिशवीत टाकला.

दिवस कलताना ती गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरली आणि घरासमोर माणसं दिसली. बागवानचाचा आपला गाडा सोडून तिच्या दाराला खांद्याने धक्के देत होते. कोणीतरी खिडकीच्या गजांतून आत डोकावत होतं. सगळ्यांचे चेहरे दाराकडे होते. जत्रेत निवेदक बोलायला लागला की लोक जसे कान देऊन थांबतात, तसेच ते उभे होते.

"काय झालं?" तिने विचारलं.

"वहिनी! किल्ली! किल्ली द्या आधी!" बागवानचाचा ओरडले. "श्रीरंगभाऊ कधीचे आवाज देतायत! अख्खी गल्ली गोळा झाली!"

ऋजुताने कान दिला. दाराच्या आत चिमणी पंख फडफडवत असती तरी तिला ऐकू आलं असतं, असा तिचा कान. आत चिडीचूप होतं.

"आत कोण आहे?" तिने विचारलं.

बागवानचाचांनी तिच्याकडे बघितलं. ती नजर तिला पुढे कधीच विसरता आली नाही. वेड्या माणसाला बघून लोक मागे सरकतात, तसे ते अर्धं पाऊल मागे सरकले. मग त्यांनी तिच्या हातातून पिशवी घेतली, किल्ली शोधली, दार उघडलं.

श्रीरंग कॉट आणि भिंतीच्या मध्ये अडकला होता. पांगळा हात अंगाखाली, मान भिंतीला टेकलेली, ओठ कोरडे पडून फुटलेले. गळ्याच्या शिरा ताणून तो अजून ओरडत होता. डोळे मिटलेले होते. चाचा आणि आणखी दोघांनी त्याला उचललं. कोणी पाणी आणलं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. "कुस्त्या सांगत होता हो," तो म्हणाला. "शुद्ध जाऊ नये म्हणून. जुन्या जुन्या कुस्त्या. कोणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं, सगळं."

ऋजुता उंबऱ्यात उभी होती. तिने त्या माणसाकडे बघितलं. वाटीतलं पाणी घोटाघोटाने पिणारा, पांढऱ्या दाढीचा एक माणूस. आपण याला ओळखतो, एवढं तिला कळत होतं. पण एखादं नाव जिभेवर असावं आणि येऊ नये, तसं झालं होतं. तो क्षण किती लांबला कोण जाणे. मग त्याने डोळे उघडले, तिला बघितलं आणि ओशाळल्यासारखा हसला. जणू चूक त्याचीच. आणि सगळं एकदम तिच्या अंगावर कोसळलं. श्रीरंग. माझा श्रीरंग. आणि मी बाहेरून कुलूप लावून गेले.

ती तिथेच फरशीवर बसली.

दुसऱ्या दिवशी शैलाताई आणि ती, दोघी त्याला घेऊन दवाखान्यात गेल्या. श्रीरंगला शेजारी खुर्चीत बसवलं. ऋजुताच्या डोक्याला पट्टा बांधून झाला तरी डॉ. मुजावर बटणापाशी थांबल्या.

"परत विचारते. हे दार मग मिटणार नाही."

"आज नाही उघडलं तर उद्या मी त्याला ओळखणार नाही," ऋजुता म्हणाली. "चालू करा."

श्रीरंगचे ओठ हलायला लागले. तो डॉक्टरांना काहीतरी सांगत होता, डावा हात खुर्चीवर आपटत होता. त्या आपटण्याचाही आवाज नव्हता.

"काय म्हणतोय तो, ताई?"

शैलाताईने भावाकडे बघितलं, मग भावजयीकडे. "चालू करा म्हणतोय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी ऋजुताकडे बघून बटण दाबलं. पट्टा गरम झाला. आधी नुसतीच शांतता होती. मग फार लांबून, पाण्याखालून यावी तशी एक घरघर आली. ती जवळ आली, तिला कड फुटली, तिचे शब्द झाले.

"...नको म्हटलं ना, डॉक्टर! ऐका माझं. एवढ्या वर्षांत एकदाच सुटली होती ती यातून. राहू द्या तिला तशीच."

"ऐकलं मी," ऋजुता म्हणाली.

श्रीरंग गप्प झाला. पण आता त्याच्या गप्प होण्यालाही आवाज होता. नाकातला श्वास, घशातली खरखर, सुकलेले ओठ सुटताना होणारी चटचट. सगळं एकदम आत घुसलं. जुनी भीती आली होती आणि एकटी आली नव्हती, श्रीरंगला घेऊन आली होती. तिने हात लांब करून त्याचा डावा हात पकडला. इतका घट्ट की तो कळवळला. ते कळवळणंही तिला ऐकू आलं.

पट्टा डॉक्टरांकडेच राहिला. डॉ. मुजावरांनी बाकी ज्यांना दिले होते त्यांचेही पट्टे मागवून घेतले. शैलाताई आता आठवड्यातले काही दिवस मिरजेत राहते. ती असली की ऋजुता पेटी काढते. आधी तिला वाटलं होतं, जमणारच नाही. एका ओळीपलीकडे मन टिकायचं नाही. कान सारखा त्या खोलीकडे धावायचा. मग तिने कानाशी भांडणं सोडून दिलं आणि चालीतच जागा केली. प्रत्येक ओळ संपली की भाता थांबवायचा. कान द्यायचा. श्वास ऐकू आला की पुढची ओळ.

सांगलीच्या बायकांना ही नवी चाल अवघड गेली. "मध्येच एवढं थांबायचं कशाला?" एकीने विचारलं. "गाणाऱ्याला भीती वाटते इथे."

"मलाही वाटते," ऋजुता म्हणाली. "तरी थांबायचं."

परवा दुपारी ती घरी तीच चाल वाजवत होती. शैलाताई दळण आणायला गेली होती. एक ओळ संपली, भाता थांबला. श्वास आला नाही. तिने वाट बघितली. तरी आला नाही. पेटी लोटून ती धावली.

श्रीरंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिच्या पावलांची चाहूल लागताच त्याने कोंडून धरलेला श्वास सोडला.

"किती वेळ थांबतेस ते बघत होतो," तो म्हणाला.

"मेल्या," ती म्हणाली. ती त्याच्या कॉटवर टेकली. मग तो म्हणाला, "पुढची ओळ राहिली तुझी," आणि ती उठून पेटीकडे गेली.